जाईच्या छातीतला जादा आवाज

पिवळ्या जाड कागदाचं कार्ड होतं. वर शाळेचा शिक्का, खाली डॉक्टरची वळणदार सही आणि मधे निळ्या शाईत दोन ओळी : हृदयात जादा आवाज, ठोके जलद. धावपळ बंद, मोठ्या दवाखान्यात फेरतपासणी करावी. बब्रुवान सेक्रेटरीनं त्या ओळी पहिल्यांदा उभ्यानं वाचल्या. दुसऱ्यांदा दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसून वाचल्या. तिसऱ्यांदा वाचायला घेतल्या तर अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागली. मग त्यानं कार्डाची घडी केली, टोपीत ठेवली आणि टोपी डोक्यावर घट्ट बसवली. एस.टी.चं तिकीट, सोसायटीच्या कपाटाची किल्ली, चेअरमनची चिठ्ठी, जे जे हरवू नये ते तो टोपीतच ठेवायचा. त्या दिवसापासून मात्र ती टोपी त्याला पाटा ठेवल्यासारखी जड लागायला लागली.

कार्ड आणून देणारी त्याची लेक जाई समोर एका पायावर उभी होती. नऊ वर्षांची पोर, एका वेणीची रिबीन सुटलेली, गुडघ्यांवर खपल्या.

"अण्णा, बाकीच्या पोरांना नुस्तं 'ठीक' लिहिलंय," ती ऐटीत म्हणाली. "एवढं मोठं मला एकटीलाच."

आणि लंगडी घालत घराकडं निघाली.

"पळू नकोस!" बब्रुवान असा ओरडला की दूध घालायला आलेल्या दोघी बाया दचकल्या आणि जाईसुद्धा दचकली. लगेच त्याला दुसरी भीती वाटली : आपल्या ओरडण्यानंच पोरीच्या हृदयाला धक्का बसला असला तर? म्हणून तो हलक्या, मऊ आवाजात म्हणाला, "हळू चाल गं माझे बाई. एक पाऊल टेकव. आता दुसरं टेकव. हं, अशी." जाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं माणूस उन्हात फिरून डोकं फिरलेल्या माणसाकडं पाहतं.

येरमाळ्याच्या अलीकडं, हमरस्त्यापासून दीड मैल आत असलेलं ते गाव. साल शहाऐंशीचं. लागोपाठ दोन पावसाळे नुसते नावाला येऊन गेले होते. गावात दूध सोसायटी होती आणि बब्रुवान तिचा सेक्रेटरी. सकाळभर डेअरीच्या अंधाऱ्या खोलीत काचेच्या नळ्यांत डोकं घालून तो कुणाच्या दुधाला किती फॅट ते काढायचा. दुधात पाणी आहे का हे त्याला वासावरून कळतं, असा त्याचा लौकिक होता. त्या उन्हाळ्यात तो लौकिकही निकामी झाला. "पानीच न्हाय तर घालनार काय, सेक्रेटरी?" असं बाया तोंडावर विचारायच्या, आणि गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळं दूध निर्भेळ यायला लागलं होतं.

सांगायचं ते हे की, बब्रुवानचा माणसाच्या बोलण्यावर नाही, तपासणीवर विश्वास होता. तपासणीत आलं म्हणजे ते आहे. नळीत दिसलं म्हणजे खरं. म्हणून त्या दोन ओळी दुसऱ्या कुणी घेतल्या असत्या त्याहून त्यानं जास्त मनावर घेतल्या.

आणि आणखी एक होतं, जे तो बोलत नसे. त्याची मोठी बहीण, बनाक्का. ती अकरा वर्षांची असताना तिचे गुडघे सुजायचे, ताप यायचा, उंबरा ओलांडला तरी दम लागायचा. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं वाढीचं दुखणं. एक दिवस दारात बसून लहानग्या बब्रूला बोरं निवडून देत होती, ती तशीच दाराला टेकून राहिली. ओंजळीत बोरं होती. त्या गोष्टीला चाळीस वर्षं व्हायला आली, तरी बब्रुवान बोरं खात नसे.

घरी त्याची बायको शिवकांता चुलीपुढं होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली.

"कालच बाभळीवर चढली हुती ती शेळीला पाला काढायला. छातीचं दुखनं असलेली पोर बाभळीवर चढती व्हय?"

"बाभळीवर?" बब्रुवान मटकन खाली बसला. "आणि तू बघत राहिलीस?"

"बघत न्हाय. पाला गोळा करत हुते."

त्या दिवसापासून घराला नवे कायदे लागू झाले. जाईनं पळायचं नाही, चढायचं नाही, उडी मारायची नाही. शाळा घरापासून दोनशे पावलांवर होती. तेवढ्यासाठी बब्रुवान सायकल काढायचा, कॅरिअरवर उशी बांधायचा, उशीवर जाई, आणि स्वतः सायकल हातानं ढकलत, खड्डा चुकवत, नवरीची वरात असावी तसा चालायचा. मागनं पोरं "जाईबाईचं लगीन, जाईबाईचं लगीन" करत यायची. जाई तोंडावर दप्तर धरायची.

बातमी शेजारी जायला भिंत आड येत नाही. पहिल्या आल्या सारजाबाई. त्या पलीकडच्या घरात एकट्या राहायच्या, जात्यावर बसल्या की ओव्या म्हणायच्या, आणि त्यांना दुखण्याचा कंटाळा म्हणून नव्हता, आपल्याही आणि दुसऱ्याच्याही.

"बब्रू, पोरीला हसू देऊ नगंस," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "हासण्यानं काळजाला हिसका बसतो. आन् रडू तर मुळीच देऊ नगंस."

"मग काय करू द्यायचं, मावशी?"

"मधलं काय तरी."

त्यानंतर दूध सोसायटीचे चेअरमन हिंमतराव आले. तरुणपणी कुस्त्या मारलेला माणूस, छाती म्हणजे देवळाचं दार. त्यांनी येताना बदाम आणले होते आणि सोबत एक हकिकत.

"सेक्रेटरी, काळजाचा मामला लई वाईट. परंड्याला माझा साडू हुता. धडधाकट गडी. जेवला, हात धुतला, शिंकला, आन् गेला."

"शिंकला?"

"एकदाच. दुसरी शिंक आलीच न्हाय."

हिंमतराव बदाम ठेवून गेले, पण ती शिंक घरात राहिली. बब्रुवाननं फोडणीतली मिरची बंद केली, कारण तिच्या ठसक्यानं शिंक येते. मग फोडणीच बंद केली. झाडलोट बंद केली, धूळ उडते म्हणून. सारजाबाईंची तपकिरीची डबी हद्दपार झाली, त्यामुळं सारजाबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. त्यांचा कोंबडा पहाटे अचानक आरवतो आणि झोपेतली पोर दचकते, म्हणून तो डालग्याखाली गेला. तिथं त्याला दिवस उगवल्याचं कळेना, तो मनाला येईल तेव्हा आरवायला लागला, आणि सगळं घर दिवसभर दचकायला लागलं.

दुपारी जाई झोपली की बब्रुवान तिचं मनगट धरून डेअरीच्या घड्याळावर ठोके मोजायचा आणि हाताशी असायची ती फॅटची वही, तिच्यातच मांडून ठेवायचा. चौथ्या दिवशी हिंमतरावांनी वही उघडली आणि त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"सेक्रेटरी, ही म्हस कुनाची? साडेसहा, सात, सहा, आन् इथं ब्याण्णव फॅट?"

बब्रुवाननं मान खाली घातली. "ती म्हैस नाही, साहेब. जाई आहे."

पंचवीस वर्षांत त्याच्या वहीत एक खाडाखोड नव्हती. हिंमतरावांनी नुसती वही मिटली आणि आणखी बदाम पाठवून दिले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं बब्रुवानला वाटलं.

आता या सगळ्यात पाण्याचं काय झालं ते सांगायला हवं. गावात टँकर यायचा, पण कधी येईल ते टँकरलाच ठाऊक. आधी लोक आदल्या दिवसापासून घागरी रांगेत लावून ठेवायचे, त्यावरून डोकी फुटली. मग पंचायतीनं नियम केला : फाट्याच्या बाजूला धुरळा दिसल्याबिगर भांडं हलवायचं नाही. धुरळा दिसला की ज्यानं त्यानं आपल्या जागेवरनं निघायचं आणि ओढ्यापलीकडं, जिथं टँकर थांबतो त्या चिंचेखाली, ज्याचं भांडं पहिलं टेकेल त्याचा पहिला नंबर. म्हणून पोरं शाळेत जाताना एका खांद्यावर दप्तर आणि दुसऱ्या हातात घागर घेऊन जायची. वर्गात पाढे चाललेले, बाहेर भिंतीला घागरींची रांग, आणि मच्छिंद्र गुरुजी स्वतः खिडकीशी उभे राहून एक डोळा फळ्यावर आणि एक फाट्यावर ठेवायचे. त्यांचीही घागर त्या रांगेत होतीच. "धुरळा!" म्हटलं की शाळा सुटली.

बब्रुवानच्या घरात त्या उन्हाळ्यात कधी पाणी कमी पडलं नव्हतं. ते आपण सेक्रेटरी असल्यामुळं असावं, असा त्याचा समज होता. जाईचं पळणं बंद झालं आणि दुसऱ्याच दिवशी रांजणाचा तळ दिसला तेव्हा शिवकांतानं त्याला सांगितलं, "लेक रोज पहिली घागर टेकवायची. गावात तिच्या पुढं कुनी न्हाय. आता तुमी जावा."

आणि बब्रुवान गेला. जाण्यापूर्वी त्यानं धोतराचा सोगा खोचला, टोपी नीट केली, कारण आतमध्ये कार्ड होतं. धुरळा दिसला. तो आधी सेक्रेटरीला शोभेल अशा चालीनं निघाला. पोरं पुढं गेली. बाया पुढं गेल्या. मग एका हातानं टोपी धरून तो पळायला लागला. ओढ्याच्या वाळूत एक वहाण राहिली. दुसरी त्यानं आपणच सोडली. बहात्तर वर्षांच्या सारजाबाई तांब्या घेऊन त्याच्या शेजारून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "श्वास नाकानं घे, बब्रू!" चिंचेखाली पोचला तेव्हा त्याचा नंबर एकेचाळिसावा होता आणि पाणी अडतिसाव्याला संपलं.

तो रिकामी घागर मांडीवर घेऊन बसला. त्याचं स्वतःचं काळीज तोंडात येऊन बडवत होतं. त्याला वाटलं, माझं एवढ्या मोठ्या देहात हे असं होतंय, तर त्या चिमणीच्या छातीत काय होत असेल? आणि त्याला भर उन्हात थंडी वाजली.

दारात जाई बसलेली होती. हसायचं नाही, रडायचं नाही, मधलं काहीतरी करत. पुढच्या पंधरा दिवसांत तिचा चेहरा उतरत गेला. जेवण जात नव्हतं, चार पावलं चालली की तीच म्हणायची, "अण्णा, मला दम लागला का बघा बरं." पलीकडून सारजाबाईंचं जातं फिरत होतं :

*जाई माझी पळं, तिच्या पायात पाखरू*
*जाई बसली घरात, सुनं अंगण काय करू*

बब्रुवाननं खिडकी लावून घेतली. पोरीला रडू येऊ नये म्हणून, असं त्यानं शिवकांताला सांगितलं.

तोवर त्याची कागदांची लढाई चालूच होती. कार्डावर मोठा दवाखाना लिहिलं होतं. मोठ्या दवाखान्यात जायचं तर आरोग्य केंद्राचं पत्र पाहिजे, हे त्यानं स्वतःच ठरवलं, कारण पत्राशिवाय कुठं काही होत असेल यावर सहकारातल्या माणसाचा विश्वास बसत नाही. तो पहिल्यांदा गेला तेव्हा आरोग्य केंद्रातले डॉक्टर टंचाईच्या बैठकीला गेले होते. दुसऱ्यांदा गेला तेव्हा शिबिराला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्यांची बदली झाली होती आणि नवे डॉक्टर अजून वाटेत होते. दर खेपेला भेटायचे ते वीरप्पा कंपाउंडर. शांत माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे.

"पत्र मी लिहितो की," वीरप्पा म्हणाले. "पण शिक्का कपाटात हाय. कपाटाची किल्ली डॉक्टरसाहेबांच्या खिशात."

"आणि डॉक्टरसाहेब?"

"वाशीला बदलून गेले."

"किल्लीसकट?"

"पँट तीच असंल तर."

बब्रुवानच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा दिवस तो कुणापुढं रडला नव्हता, आणि आता औषधाच्या बाटल्यांपुढं उभा राहून रडायला लागला. "वीरप्पा, माझी पोर जाईल हो. आमच्या घरात एक अशीच गेलीय. दारात बसल्या बसल्या."

वीरप्पांनी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग अगदी सहज म्हणाले, "सेक्रेटरी, मोठ्या दवाखान्यात पत्राबिगर बी बघतात की. सरळ न्यायचं आन् रांगंत बसायचं."

"मग मी तीन खेपा कशाला घातल्या?"

"तुमी पत्र मागितलंत. पत्र लागतं का, ते इचारलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे बब्रुवान, शिवकांता आणि मधे जाई, तिच्याखाली सायकलवरची उशी, असे उस्मानाबादच्या एस.टी.त बसले. पहिल्या खड्ड्याला बब्रुवान उठला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "जरा हळू. पोरीच्या हृदयाचा प्रश्न आहे." त्यानंतर सगळी गाडी जाईकडं वळली. एकानं अर्जुनाची साल सांगितली, एकीनं काळ्या शेळीचं दूध सांगितलं, आणि मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं, "आमच्या पावण्यात बी असंच झालं हुतं," एवढं म्हणून मान हलवली आणि पुढं काय झालं ते काही सांगितलं नाही. ती मान बब्रुवानच्या पोटात उस्मानाबादपर्यंत हलत राहिली.

रांगेत त्यांचा नंबर दुपारी आला. डॉक्टर एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी जाईची नखं पाहिली, ओठ पाहिले, घसा पाहिला, गुडघे दाबले. "सांधे सुजतात का? घसा वरचेवर दुखून ताप येतो का? खेळताना इतर मुलांच्या आधी दमते का?" शिवकांता प्रत्येकाला "न्हाय" म्हणत होती. मग बाईंनी कानात नळी घालून छातीला पुढून, मागून, बगलेखाली बराच वेळ ऐकलं. शेजारच्या खोलीत पाठवून तारा लावून हृदयाचा आलेख काढून घेतला. लांबलचक कागदावर डोंगरच डोंगर. बब्रुवानला प्रत्येक डोंगराची भीती वाटत होती.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "हृदय उत्तम आहे."

बब्रुवान उठला नाही.

"बाई, पुन्हा बघा."

"बघितलं ना."

"दुधातसुद्धा नमुना चुकतो कधी कधी. वरचं वर घेतलं तर वेगळं येतं, ढवळून घेतलं तर वेगळं येतं." त्यानं टोपी काढली आणि त्या खोलीत बोडक्या डोक्यानं उभं राहून घामानं मऊ पडलेलं कार्ड पुढं केलं. "त्या दिवशी आवाज होता. लेखी आहे."

बाईंनी कार्ड वाचलं. ते घामेजलेलं कार्ड आणि तो माणूस, दोन्हीकडं त्या क्षणभर पाहत राहिल्या. मग जाईकडं वळल्या. "बाळ, त्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, त्याच्या आधी तू काय करत होतीस?"

"काय न्हाय," जाई म्हणाली.

"काहीच नाही?"

"नुस्तं पळत हुते."

बाईंनी हातातलं कार्ड टेबलावर ठेवलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तपासणीचे डॉक्टर सकाळी यायचे ते आले नाहीत. पोरं वाट बघून वर्गात बसली. उन्हं चढली तेव्हा गुरुजी खिडकीतून "धुरळा!" म्हणाले. सगळी शाळा घागरी घेऊन सुटली. जाई पहिली. ओढा ओलांडून तिनं चिंचेखाली घागर टेकवली आणि बघते तर टँकर नव्हताच, डॉक्टरांची जीप होती. डॉक्टरांना आधीच उशीर झालेला, पुढं आणखी दोन गावं करायची होती. एवढी पोरं आपोआप रांगेत उभी राहिलेली बघून ते खूश झाले, चिंचेखालीच खुर्ची टाकली आणि रांगेनं तपासायला लागले. पहिली जाई. तिचा श्वास अजून ओढ्यातच होता. बाकीच्यांचा नंबर येईतो सगळे निवले होते, त्यांना 'ठीक' मिळालं.

"म्या बी तिथंच हुते की," शिवकांता म्हणाली. "कळशी घिऊन."

बब्रुवाननं तिच्याकडं पाहिलं. "मग पंधरा दिवस बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी नुस्तं फोडनी बंद, झाडू बंद करत हुता."

बाई उठल्या. खिडकीतून बाहेरचं आवार दिसत होतं, टोकाला एक लिंबाचं झाड. "जाई, त्या झाडाला हात लावून ये. किती जोरात येतेस ते बघू."

"नको!" बब्रुवान दारात आडवा झाला. त्याचे हात चौकटीला चिकटले होते. त्या हातांखालून जाई कधी निसटली ते त्याला कळलं नाही. पंधरा दिवस कोंडलेली पोर. दोन वेण्या मागं सरळ, पाय जमिनीला लागतात की नाही असे. बब्रुवाननं नऊ वर्षांत आपल्या लेकीला कधी पळताना नीट पाहिलं नव्हतं. सकाळभर त्याचं डोकं नळ्यांत असायचं. त्यानं पाहिलं, आणि भीतीनं डोळे मिटून घ्यावेत असं त्याला वाटलं, पण मिटवेनात.

ती धापा टाकत आली. बाईंनी नळी लावली आणि म्हणाल्या, "हं. आला आवाज."

शिवकांतानं बब्रुवानला दंडाला धरून स्टुलावर बसवलं.

"घाबरू नका. थांबा." बाईंनी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं गेली, तीन, पाच. मग त्यांनी नळीची टोकं आपल्या कानातून काढली आणि त्याच्या कानात घातली. "आता तुम्हीच करा तपासणी."

आधी त्याला काहीच ऐकू येईना, कारण त्याचंच रक्त कानात वाजत होतं. मग लांबून, खोलातून आला. सारजाबाईंच्या जात्यासारखा नाही, घड्याळासारखाही नाही. दोन घागरी, एकीमागून एक, हलकेच जमिनीवर टेकाव्यात तसा. टेक-टेक. टेक-टेक. भरलेल्या. मधे जादा काही नव्हतं.

"मूल पळतं तेव्हा रक्त जोरात वाहतं," बाई म्हणत होत्या. "जोरात वाहणाऱ्या पाण्याचा आवाज होतो, हळू वाहिलं की होत नाही. कितीतरी धडधाकट मुलांत असतो असा. तो रोग नाही. तिला बसवून ठेवू नका. पळू द्या, चढू द्या, डाळ-भाकरी-भाजी पोटभर खाऊ द्या. हृदय त्यानंच घट्ट होतं. जपायचं ते दुसरं. घसा दुखून ताप आला तर अंगावर काढू नका. त्यातून सांधे धरतात, आणि सांध्यांतून ते हृदयावर बसतं. तेव्हा मात्र लगेच आणा. आता त्यावर इंजेक्शन आहे."

"आता आहे?" बब्रुवाननं विचारलं.

"आता आहे."

"चाळीस वर्षांपूर्वी?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. बब्रुवाननं नळी कानातून काढली आणि नीट गुंडाळून, काचेची असावी तशी, त्यांच्या हातात दिली. ते निघाले तेव्हा बाईंनी त्याचंही मनगट धरून पाहिलं. "एकशे अठरा. फेरतपासणी तुमची करायला हवी."

परतीच्या गाडीत शिवकांतानं शेंगा घेतल्या. फेरीवाल्याकडं बोरकूटही होतं. बब्रुवाननं चिमूटभर मागितलं, तळहातावर बराच वेळ धरलं, आणि मग तोंडात टाकलं.

फाट्यावर उतरले तेव्हा ऊन कललं होतं. जाई शहाण्यासारखी त्याचं बोट धरून, एक पाऊल टेकवत, दुसरं टेकवत चालत होती. ओढा समोर दिसायला लागला तेवढ्यात मागं हमरस्त्यावर भोंगा वाजला. तिघांनी वळून पाहिलं. धुरळा उठला होता. त्यात हिरवट टाकी डुलत होती. टँकरच. गावाकडून "धुरळा!" अशी हाळी आली, आणि घरं फुटावीत तशी माणसं बाहेर पडली.

जाईनं वर पाहिलं. बब्रुवानच्या बोटाभोवतीची तिची मूठ गरम झाली.

बब्रुवानच्या मनात परंड्याचा साडू शिंकला. एस.टी.तल्या म्हाताऱ्याची मान हलली. दाराला टेकलेली बनाक्का दिसली, ओंजळीत बोरं. भीती गेली नव्हती, आणि ती जाणार नाही हे त्याला तिथंच, त्या रस्त्यावर कळलं. त्यानं बोट सोडवून घेतलं.

"पळ," तो म्हणाला. आवाज फुटला नाही, म्हणून परत म्हणाला, "पळ, जाई!"

"घागर कुठंय, अण्णा?"

ती तर घरी होती. भांडं म्हणून जवळ काहीच नव्हतं. पण जाई थांबणारी नव्हती. तिनं उडी मारून त्याच्या डोक्यावरची टोपी ओढली आणि सुटली. दवाखान्यातून निघताना परत तिच्यात ठेवलेलं पिवळं कार्ड उडालं, बाभळीच्या काट्याला जाऊन लागलं. ते आणायला कुणी गेलं नाही.

बब्रुवान आणि शिवकांता चिंचेपाशी पोचले तेव्हा रांग लागली होती आणि भांडण रंगलं होतं. घागरी, कळशा, डबे, मच्छिंद्र गुरुजींची बादली, आणि सगळ्यांच्या पुढं, नळाच्या तोंडाखाली, मातीवर ऐटीत बसलेली सेक्रेटरीची पांढरी टोपी.

"टोपीला नंबर न्हाय!" सारजाबाई ओरडत होत्या. "नियम भांड्याचा हाय!"

हिंमतराव चेअरमन हातातली कळशी खाली ठेवून पुढं आले. त्यांनी टोपीकडं पाहिलं, तिच्याशेजारी छातीवर हात ठेवून धापा टाकत हसणाऱ्या पोरीकडं पाहिलं, आणि मग लांब, बोडक्या डोक्यानं उभ्या असलेल्या बब्रुवानकडं.

"सेक्रेटरीनं पंचवीस वर्सं आख्खी सोसायटी तिच्यात ठिवली," ते म्हणाले. "भांडंच हाय ते. जावा शिवकांताबाई, घागर आना."

बब्रुवान लेकीजवळ खाली बसला आणि तिच्या पाठीला कान लावला. आवाज येत होता, जादाच येत होता, भरून वाहणाऱ्या ओढ्यासारखा. तो भ्याला, आणि ऐकत राहिला, निवेपर्यंत.